पुरे म्हणणारं माणूस

गोपीचंद मास्तरांनी प्रार्थनेला नाही म्हटलं, ही बातमी पेडगावात मटणाच्या वासाच्या आधी पसरली.

त्यांच्या धाकट्या भावाच्या, रामकिशनच्या नव्या घराचं अर्पण सकाळी अकराला होतं. दारात मांडव पडला होता, साठ खुर्च्या मांडून झाल्या होत्या, पाळकसाहेब परभणीहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता. पण या घराण्याची एक रीत होती. पाळकसाहेबांनी आत येऊन वचन वाचायचं, घर अर्पण करायचं, ते सगळं नंतर. त्याआधी उंबऱ्यावर घरातल्याच माणसानं प्रार्थना करायची, आणि त्याचं आमेन झाल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. ही रीत गोपीचंदांच्या वडिलांनी पाडली, तेव्हा त्यांच्याकडे उंबराही नव्हता, कुडाच्या झोपडीला नुसता एक दगड होता. वडील गेले आणि ते काम थोरल्याकडे आलं. तेव्हापासून चाळीस वर्षं घर असो, बोअर असो, पप्पूचं मोबाईलचं दुकान असो की सृष्टीचा बारावीचा पेपर असो, प्रार्थना दादांची. बाकीच्यांनी फक्त डोळे मिटायचे. चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणी चारचौघांत प्रार्थनेला तोंड उघडलं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असंही कुणाला वाटलं नव्हतं.

ते साडेनऊला वाटलं.

"रामकिशन, प्रार्थना दुसऱ्या कुणाला तरी सांग," गोपीचंद मांडवात खुर्चीवर बसून म्हणाले. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता, हातात चहा होता.

"दुसऱ्या म्हंजी कुणाला?"

"कुणालाबी."

"तब्येत बरी न्हाई का?"

"ठणठणीत हाय."

"मग काय झालं?"

"न्हाई जमणार," असं म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला, वर्गात तास संपल्यावर घ्यायचे तसा.

रामकिशन हा गंगाखेडच्या साखर कारखान्यात फिटर. यंत्र बंद पडलं तर कुठून आवाज येतो ते ऐकायचं, एवढं त्याला कळायचं. इथं काही आवाजच नव्हता. धाकटा असल्यानं वडील त्याला नीट आठवतही नव्हते. त्याला कडेवर घेतलं ते दादांनी, शाळेत घातलं ते दादांनी. तो घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेला, कारण अडचणीच्या वेळी या घरातले सगळे पुरुष तिकडेच जात.

मागच्या अंगणात तीन दगडांवर पातेलं रटरटत होतं. एका बाजूला रामकिशनची बायको चतुराबाई कांदा चिरत होती, दुसऱ्या बाजूला त्याची बहीण कमलबाई काही न करता सगळ्यांना कामं सांगत होती. कमलबाई दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. निदान करायची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती.

"मला सकाळीच कळलं हुतं," ती म्हणाली. "दारावर काय बांधलंय ते बघितलं न्हाईस का? लिंबू आन् सात मिरच्या! ख्रिस्ती माणसाच्या दारावर! दादाला राग येणार न्हाई तर काय?"

चतुराबाईच्या हातातली सुरी थांबली. ती बोरीची, हिंदू घरातली. सव्वीस वर्षांपूर्वी रामकिशनशी लग्न करून आली, बाप्तिस्मा घेतला, सगळी गाणी पाठ केली. पण नव्या घराला नजर लागते हे तिच्या आईनं शिकवलेलं काही केल्या विसरता आलं नव्हतं.

"म्या बांधलं, वन्सं," ती हळूच म्हणाली. "गुरुवारी. लोक येऊन बघायलेत, लय चांगलं झालं म्हणायलेत. मला भ्याव वाटलं."

"आगं, मग माणसानं प्रार्थना करावी."

"दादा करतेत ना."

कमलबाईनं रामकिशनच्या पोराला, पप्पूला, स्टुलावर चढवलं, लिंबू-मिरची काढली आणि पुरावा म्हणून स्वतः मांडवात घेऊन गेली. तीन मिनिटांत ती परत आली. लिंबू तिच्या हातातच होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणला, मला दिसलंबी न्हवतं." कमलबाईनं लिंबू मटणाच्या शेजारी ठेवलं. "म्हंजी हे न्हाई. मग दुसरं हाय. रामकिशन, पाटीवर काय कोरलंयस?"

"सृष्टी निवास."

"आन् बापाचं नाव?"

आता रामकिशनलाही राग आला. मघाशी लिंबावरून तो मनातून बहिणीच्या बाजूला होता. पाटीचं निघाल्याबरोबर बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "आक्का, पाटी पोरांनी ठरवली. दादाला दाखवली हुती. त्यांनी शुद्धलेखन तपासून दिलं!"

"तेच म्हणते मी. मास्तर माणूस, शुद्धलेखन तपासलं आन् गिळून टाकलं सगळं."

"आत्या, मोठे बाबा पाटीवरून रुसणारे न्हाईत," सृष्टी म्हणाली. रामकिशनची ही पोरगी परभणीला नर्सिंग शिकत होती आणि आत्याच्या निदानांवर तिचा पहिल्या वर्षापासून विश्वास नव्हता. "आन् त्यांना कशाला धरून बसलात? दुसऱ्या कुणी तरी करा की. आत्या, तूच कर."

"मी?" कमलबाईनं छातीला हात लावला. "मला चार माणसं दिसली की घशाला कोरड पडती."

कमलबाईच्या घशाला कोरड पडलेली आजवर कुणी पाहिली नव्हती, पण या वेळी कुणी वाद घातला नाही, कारण पुढचा नंबर आपला लागेल ही भीती प्रत्येकाला होती. रामकिशन पाण्याच्या टाकीमागे जाऊन सराव करून आला. "दोन वाक्यं झाली," तो म्हणाला, "आन् तिसरं म्हंजी आमेनच आलं."

"युट्यूबवर भेटतीत की," पप्पू म्हणाला. "गृहअर्पणाची प्रार्थना. साडेपाच मिनिटं. मांडवात स्पीकर हायच."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. वाईट गोष्ट ही, की पाहणाऱ्यांपैकी दोघं विचार करत होते.

"न्हाई," रामकिशन म्हणाला. "मी सांगतो. दादाचं आमेन झाल्याबिगर मी उंबरा वलांडणार न्हाई. मांडवात जेवू, पाव्हण्यांना सलाम करू आन् कुलूप लावून जुन्या खोल्यात जाऊ."

"अवो, काय बोलायलाव!" चतुराबाई म्हणाली.

"बोललो ते बोललो." तो विनाकारण पातेल्यात डाव घालून ढवळायला लागला.

चतुराबाईनं कांदा सृष्टीकडे दिला आणि चहाचा कप भरून ती मांडवाकडे निघाली. माफी मागायची, असं तिनं ठरवलं होतं. लिंबाचं कारण असो वा नसो, मागून टाकावी. अर्थात मागायची कशी हा प्रश्न होताच, कारण गोपीचंद तिचे भासरे, थोरले दीर. सव्वीस वर्षांत ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सोडून बसली नव्हती आणि त्यांनी तिच्या हातातून कधी पाण्याचा गडूही घेतला नव्हता. ती स्टुलावर ठेवायची, ती वळली की ते उचलायचे. दोघांनाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात मान होता की अंतर, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मांडवात गोपीचंद एकटे नव्हते. घर बांधणारा गवंडी धम्मपाल उंबऱ्याशी उकिडवा बसून फरशीची कड पुसत होता. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. एक येशूच्या, एक बुद्धाच्या घरातला, आणि गणितात दोघंही सारखेच कच्चे.

"गोप्या, आता मला तरी सांग," धम्मपाल म्हणत होता.

चतुराबाई खांबाआड थांबली. पुढं जाणं बरं दिसलं नसतं आणि मागं जायला पाय निघाला नाही.

"तुलाच सांगता येईल," गोपीचंद म्हणाले. "तू देव मानीत न्हाईस. तुझं काय बिघडणार न्हाई." त्यांनी रिकामा कप खुर्चीखाली ठेवला. "माझी प्रार्थना लांबायची, म्हाईत हाय ना तुला?"

"साऱ्या गावाला म्हाईत हाय. एकदा तुझं आमेन व्हईस्तोवर माझा माल सुकला हुता."

"सुमंगला मागं उभी राहायची. डाव्या खांद्याच्या मागं. लांबलं की सदऱ्याचं टोक ओढायची. एकदा ओढलं तर आवरतं घ्या. दोनदा ओढलं तर पुरे. अडतीस वर्षं. मला ती कधी दिसली न्हाई, डोळे मिटलेले असायचे ना. पण हाय, हे म्हाईत असायचं. तसंच समोर तो हाय, हेबी म्हाईत असायचं. कधी शंका आली न्हाई. माणसं म्हणायची, मास्तर, तुमचा विश्वास लय मोठा. मला वाटायचं, यात मोठं काय हाय? समोर माणूस उभं असलं तर बोलायचं."

"मग?"

"मागल्या सालच्या पोळ्याला ती गेली. स्मरणसभेत प्रार्थनेला उभा राहिलो. बोलायलोय, बोलायलोय. कुणी वढीना. मधीच माझे डोळे उघडले. समोर भिंत. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर दुधाच्या खुणा." त्यांनी सदऱ्याचं टोक बोटांनी सरळ केलं. "मागचं माणूस गेलं, आन् समोरचाबी गेला, धम्मा. तवापासून तोंडानं बोलतो, आतून भिंतच दिसती. ख्रिसमसला बोललो, लोक रडले, मी कोरडा. पण आज रामकिशनचं घर हाय. त्या लेकराच्या घरात मी खोटं बोलून पाय ठेवणार न्हाई."

धम्मपालनं फडकं पिळलं. "हे बघ, या घराचा पाया सहा फूट हाय. म्या भरला. आता कुणाला दिसत न्हाई, पण..."

"पायाची गोष्ट नको सांगू. ती मी चाळीस वर्षं लोकांना सांगतोय."

"मग मला दुसरी येत न्हाई," धम्मपाल म्हणाला आणि फरशी पुसायला लागला. पुसता पुसता त्यानं विचारलं, "रामकिशनला का सांगत न्हाईस?"

"तो माझ्या जिवावर विश्वास ठेवतो. सारे ठेवतेत. मीच म्हणलो की भिंत हाय, तर त्यांना काय दिसणार?"

चतुराबाईनं कप खांबाजवळच्या खुर्चीवर ठेवला आणि आली तशी परत गेली. मागच्या अंगणात सगळ्यांनी एकदम विचारलं, काय झालं, काय म्हणाले. ती म्हणाली, "काय न्हाई, चहा ठेवला." खोटं नव्हतं ते. पण कांद्याकडे वळताना तिचे डोळे भरले होते आणि कांदा तर सृष्टीनं केव्हाच चिरून संपवला होता.

तिला थोरली जाऊ सुमंगलाक्का आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात चतुराबाई त्या जुन्या खोल्यांत देव शोधत होती. बोरीला कोनाड्यात देव होते, फूल वाहायचं, हळदीकुंकू लावायचं, काहीतरी दिसायचं. इथं कोनाड्यात रॉकेलची चिमणी. शेवटी तिनं जावेला विचारलं, तुमच्या देवाशी बोलायचं तर तोंड कुणीकडं करायचं? सुमंगलाक्का मेथी निवडत होती. ती हसली नाही. म्हणाली, "आपण भाजी निवडताना बोलतो, तवा तू माझ्याकडं बघतीस का? खाली बघूनच बोलतीस ना? तसं बोल." आणि त्या दिवसापासून चतुराबाई बोलत आली होती. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, रामकिशनची रात्रपाळी असली की पडल्या पडल्या. कुणाला ते माहीत नव्हतं. त्याला प्रार्थना म्हणतात हे तिलाही माहीत नव्हतं. प्रार्थना म्हणजे दादा करतात ती, उभं राहून, व्याकरणात.

अकराला पाळकसाहेब आले. तरुण होते, घाईत नव्हते. माणसं उठून उंबऱ्यासमोर उभी राहिली, बायकांनी डोक्यावर पदर घेतले. पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, करा सुरुवात," आणि डोळे मिटले. साठ माणसांनी सवयीनं डोळे मिटले.

गोपीचंदांनीही मिटले, पण बोलले नाहीत.

ही शांतता कमलबाईला सगळ्यात जड गेली. ती एक डोळा उघडून रामकिशनकडे बघत होती. रामकिशन जमिनीकडे बघत होता. पप्पूचं बोट मोबाईलवर तयार होतं. कुणीतरी खोकलं. आणि तेवढ्यात चतुराबाई पुढं झाली, दादांच्या पुढं, उंबऱ्याला पाय लागेल एवढी. भाकऱ्या थापता थापता आल्यानं तिचे हात पिठाचे होते.

"प्रभू," ती म्हणाली, "मी चतुरा. रामकिशनची बायको. बोरीची."

मागं एक पोरगी फिसकन हसली. चतुराबाईनं ऐकलं नाही. तिनं खाली बघून बोलायला सुरुवात केली होती.

"म्या दाराला लिंबू-मिरची बांधली हुती. आता काढली. तू हायस तर ते कशाला, आसं वन्सं म्हणल्या. तू हायस हे मला म्हाईत हुतंच, म्या आपली दुहेरी गाठ मारली. माफ कर. हे घर बघ. ह्यांनी बारा वर्षं पाळ्या केल्या ह्याच्यापायी. मोरीचा नळ जरा गळतो, धम्मपालभाऊ म्हणले बघतो. ते तुला मानीत न्हाईत, पण उंबरा किती नीट बसवलाय, तेवढं बघ त्यांचं."

धम्मपालनं मान खाली घातली. त्याचे डोळे उघडे होते, पण हात मात्र जोडलेले होते.

"सुमंगलाक्का तुझ्यापाशी हाय. तिनं मला तुझ्याशी बोलायला शिकिवलं. तिला सांग, घर झालं म्हणावं. आन् प्रभू, ज्याला तू दिसंना झालास, त्याच्यापाशी जरा बस. त्याला सवय न्हाई. मला तर तू कधीच दिसला न्हाईस, मला सवय हाय."

खांबाजवळच्या खुर्चीवर आपोआप आलेला चहाचा कप गोपीचंदांना आठवला. म्हणजे हिनं ऐकलं होतं. त्यांना लाज वाटली, मग राग आला, मग दोन्ही ओसरलं आणि ते नुसते ऐकत राहिले. ही बाई सव्वीस वर्षं त्यांच्या घरात वावरत होती आणि तिचा आवाज ते आज पहिल्यांदा ऐकत होते.

पण चतुराबाईला एक गोष्ट येत नव्हती. तिला थांबता येत नव्हतं. तिच्या रोजच्या बोलण्याला कधी आमेन लागलंच नव्हतं. भाकरी झाली की बोलणं थांबायचं. इथं भाकरी नव्हती. ती सृष्टीच्या परीक्षेवर गेली, पप्पूच्या लग्नावर गेली, वन्संच्या गुडघ्यावर गेली, त्यावर कमलबाईनं दोन्ही डोळे उघडले. तिथून शेजारच्या म्हशीवर, म्हशीवरून मटणात मीठ जास्त पडलंय का त्यावर. पाळकसाहेबांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. चतुराबाईच्या आवाजात आता रडू होतं, कारण आपण अडकलोय हे तिलाही कळलं होतं आणि बाहेरची वाट दिसत नव्हती.

गोपीचंदांचं डोकं अजून ऐकतच होतं. हात पुढं गेला तो त्यांना न विचारता. दोन बोटांत त्यांनी भावजयीच्या पदराचं टोक धरलं आणि ओढलं. एकदा. मग दुसऱ्यांदा.

"आमेन," चतुराबाई म्हणाली.

"आमेन!" साठ माणसं एवढ्या जोरात म्हणाली, की पातेल्याजवळचं कुत्रं पळालं.

डोळे उघडले तेव्हा गोपीचंदांच्या बोटांत पदर तसाच होता. चतुराबाई वळून बघत होती, पिठाचा हात तोंडावर. त्यांनी पदर सोडला. कमलबाईनं मात्र सगळं पाहिलं होतं, तिनं डोळे मिटलेच कुठं होते!

"दादा!" ती म्हणाली. "भासरा असून भावजयीचा पदर वढलास? साऱ्या मांडवात?"

"लांबलं हुतं," गोपीचंद म्हणाले.

"लांबू द्यायचं मग! तुझं लांबत न्हवतं का? आमी ऐकलंच की न्हाई चाळीस वर्षं?"

"आगं, तुमचं सोड!" गोपीचंद एकदम वैतागून म्हणाले, वर्गावर ओरडायचे तसे. "त्याला किती वेळ उंबऱ्यावर उभं करायचं?"

ते बोलले आणि थांबले. आपण काय म्हणालो ते त्यांनी मनात पुन्हा एकदा ऐकलं. समोर तो उभा आहे, हा विचार सव्वा वर्षात त्यांनी ओढून-ताणून आणायचा किती प्रयत्न केला होता, आणि आज तो रागाच्या भरात, कुणी न बोलावता, तोंडातून निघून गेला होता. त्यांचे डोळे वाहायला लागले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"दादा," रामकिशन जवळ येऊन म्हणाला. त्याला सगळं कळलं नव्हतं, पण यंत्र सुरू झाल्याचा आवाज त्याला कळत होता. "चला आत. तुमी आधी."

गोपीचंद उंबऱ्याशी आले. पाय उचलला आणि परत खाली ठेवला. मग ते दाराच्या डाव्या बाजूला सरकले, वडीलधाऱ्याला वाट द्यायला सरकतात तसे, आणि एक माणूस आत जाईल एवढा वेळ थांबले. चतुराबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"हं," गोपीचंद म्हणाले. "आता चला."